गाडी किती देते? — देशोदेशीची मापे

इयत्ता चौथी



आपल्या गावात कुणी नवी गाडी घेतली की पारावरची माणसे पहिला प्रश्न विचारतात, "लिटरला किती देती?" गाडीवाला सांगतो, "साठ देती." ऐकणाऱ्याला लगेच कळते की एक लिटर पेट्रोलमध्ये गाडी साठ किलोमीटर जाते. पण हेच उत्तर अमेरिकेतल्या माणसाला दिले तर त्याला काही कळणार नाही. त्याच्याकडे लिटरही नाही आणि किलोमीटरही नाही. म्हणून देशोदेशीच्या मापांची माहिती या लेखात देत आहे.

आपल्याकडे पूर्वी काय होते?

पूर्वी आपल्याकडेही मैल आणि गॅलन होते. रस्त्याचे अंतर मैलात व फर्लांगात मोजत. ८ फर्लांग म्हणजे १ मैल. पेट्रोल गॅलनवर मिळे. धान्य मापाने मोजत. २ चिपटी म्हणजे १ मापटे, २ मापटी म्हणजे १ शेर आणि ४ शेर म्हणजे १ पायली. पण एका भागातली पायली दुसऱ्या भागातल्या पायलीएवढी भरेलच असे नव्हते. त्यामुळे बाजारात भांडणे होत आणि अडाणी माणूस फसे.

म्हणून सरकारने १९५६ साली वजनमापांचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजने सुरू झाली. पुढे लिटर आणि किलोमीटर आले. दहाने गुणायचे आणि दहाने भागायचे, त्यामुळे हिशेब सोपा झाला.

त्याच काळात आपल्या जिल्ह्याचेही नाव बदलले. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला होता. १९६० साली त्याचे नाव सांगली जिल्हा असे झाले.

मैल गेला तरी शब्द राहिले. किलोमीटरच्या दगडाला आपण अजून मैलाचा दगड म्हणतो. रस्ता दुरुस्त करणाऱ्या कामगाराला मैलकुली म्हणत. आणि गंमत म्हणजे 'मायलेज' या शब्दातही मैलच लपलेला आहे!

कोणत्या देशात काय?

भारत : किलोमीटर व लिटर. १ लिटरला किती किलोमीटर ते सांगतात. गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने.

जपान : आपल्यासारखेच. गाडीही डाव्या बाजूने.

ब्रिटन : रस्त्यावरच्या पाट्या मैलाच्या. पंपावर पेट्रोल लिटरने मिळते, पण मायलेज सांगताना गॅलनला किती मैल असे सांगतात. गाडी डाव्या बाजूने.

अमेरिका : मैल व गॅलन. गाडी उजव्या बाजूने.

जर्मनी व फ्रान्स : किलोमीटर व लिटर. पण ते उलटे सांगतात. १०० किलोमीटर जायला किती लिटर लागले ते सांगतात. गाडी उजव्या बाजूने.

जिथे गाडी उजव्या बाजूने चालते तिथे स्टिअरिंग डावीकडे असते. आपल्या पुणे जिल्ह्यातील चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या मोटारी मेक्सिको देशात गेल्या. त्यांचे स्टिअरिंग डावीकडे बसवले होते.

सातारा ते सांगलीचे गणित

सातारा ते सांगली हे अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे. ५ मैल म्हणजे साधारण ८ किलोमीटर, म्हणून ते ७५ मैल झाले. एसटीचा एक टप्पा ६ किलोमीटरचा असतो, म्हणजे २० टप्पे झाले. रस्ता तोच, पण आकडे तीन!

आता अमेरिकेचा एक माणूस आणि ब्रिटनचा एक माणूस सांगलीला निघाले असे समजा. दोघेही म्हणतात, "माझी गाडी गॅलनला ३० मैल देते." मग दोघांना ७५ मैलांसाठी अडीच गॅलन लागतील. पेट्रोल सारखेच लागले का? नाही! कारण ब्रिटनचा गॅलन ४.५४६ लिटरचा आणि अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचा असतो. ब्रिटनच्या माणसाला ११.३७ लिटर लागले आणि अमेरिकेच्या माणसाला ९.४६ लिटर लागले. जवळजवळ २ लिटरचा फरक पडला. नाव एकच, पण माप वेगळे. आपल्या पायलीसारखेच झाले की!

जर्मनीचा माणूस म्हणतो, "माझ्या गाडीला ५ लागतात." आपल्याला वाटेल, फक्त पाच? पण ५ लिटरमध्ये १०० किलोमीटर म्हणजे लिटरला २० किलोमीटर झाले. त्यांच्याकडे आकडा जेवढा लहान तेवढी गाडी चांगली. आपल्याकडे आकडा जेवढा मोठा तेवढी गाडी चांगली.

त्यांच्या पद्धतीत एक फायदा आहे. हे पहा. सांगलीला जायला लिटरला १० देणारी गाडी १२ लिटर खाते. २० देणारी ६ लिटर खाते. ४० देणारी ३ लिटर खाते. दहाची वीस झाली तेव्हा ६ लिटर वाचले. विसाची चाळीस झाली तेव्हा मात्र ३ लिटरच वाचले. आकडा दोन्ही वेळा दुप्पट झाला, पण बचत सारखी नाही. म्हणून घरात एक जुनी जीप आणि एक मोटारसायकल असेल, तर आधी जीपचा खर्च कमी करावा. खरे पैसे तिथे जातात.

सर्वांत स्वस्त गाडी कोणती?

समजा मोटारसायकल लिटरला ६० देते. सांगलीला २ लिटर लागले. दोघे बसले तर माणशी १ लिटर.

समजा मोटार लिटरला १५ देते. ८ लिटर लागले. चौघे बसले तर माणशी २ लिटर.

समजा एसटी लिटरला ५ देते. २४ लिटर लागले. पण ४० माणसे बसली तर माणशी ०.६ लिटर!

लिटरला सगळ्यात कमी देणारी एसटीच सगळ्यात काटकसरी निघाली. म्हणून नुसते "किती देती?" असे विचारू नये, "किती माणसे नेती?" हेही विचारावे. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुणे ते अहमदनगर (आता अहिल्यानगर) धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी शिवाई ही विजेवरची एसटी सुरू झाली. तिला लिटर लागतच नाहीत, तिचा हिशेब विजेच्या युनिटवर करावा लागतो.

माप चुकले तर काय होते?

२३ जुलै १९८३ रोजी कॅनडा देशात एक मोठे विमान मॉन्ट्रियलहून एडमंटनला निघाले होते. तेव्हा तिथे पौंड जाऊन किलो येत होते. विमानाचा इंधनकाटा बिघडला होता, म्हणून माणसांनी कागदावर हिशेब केला. २२,३०० किलो इंधन पाहिजे होते. एक लिटर इंधनाचे वजन साधारण ०.८ किलो असते, पौंडात ते १.७७ भरते. हिशेबात १.७७ धरले आणि उत्तर किलोत आले असे समजले. त्यामुळे निम्म्याहूनही कमी इंधन भरले गेले. आकाशात दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकाने घारीसारखे तरंगत विमान खाली आणले आणि गिमली गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. विमानात ६९ माणसे होती. ती सगळी वाचली.

आकडे बरोबर होते, गुणाकारही बरोबर होता. फक्त एकक चुकले.

आपल्याकडे अजून राहिलेली जुनी मापे

चाकात हवा भरताना आपण पौंड सांगतो. चाकाची रिम इंचात असते. विहिरीवरची मोटार एचपीची असते. १ एचपी म्हणजे सुमारे ७४६ वॅट. शेत गुंठ्यात मोजतात. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे १ गुंठा. ही सगळी इंग्रजांच्या वेळची फूट-पौंडाची मापे आहेत.

पालकांसाठी

पंपावर पेट्रोल घेताना आधी काटा शून्यावर आहे का ते बघा. माप कमी वाटले तर पंपावर सरकारी शिक्क्याचे ५ लिटरचे माप असते, ते मागा. त्यात मोजून दाखवा असे म्हणण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे.

करून पहा

१) तुमच्या घरच्या गाडीची टाकी पूर्ण भरा व मीटरचा आकडा लिहून ठेवा. पुन्हा टाकी पूर्ण भराल तेव्हा किती किलोमीटर झाले आणि किती लिटर बसले ते लिहा. किलोमीटरला लिटरने भागा. म्हणजे खरे मायलेज निघेल.

२) लिटरला ५० देणाऱ्या गाडीला १०० किलोमीटरसाठी किती लिटर लागतील?

३) ४० मैल म्हणजे किती किलोमीटर?

मित्रांनो, गणिताच्या पेपरात उत्तरापुढे लिटर, किलो, किलोमीटर लिहायचे राहिले की गुरुजी अर्धा गुण कापतात. तेव्हा वाईट वाटते. पण त्या विमानातली माणसे आठवा, म्हणजे अर्धा गुण का कापतात ते कळेल!

(उत्तरे : २) २ लिटर ३) ६४ किलोमीटर)