घर रिकामे की सामानासह?

आमचे घर ठाण्यात राबोडीला होते. इमारत जुनी झाली होती. पावसाळ्यात जिन्याच्या भिंतींना ओल येई आणि छताचे पोपडे पडत. शेवटी ती पाडून नवी बांधायचे ठरले. नवे घर तीन वर्षांनी मिळणार होते. तोपर्यंत बिल्डर भाड्यासाठी दरमहा वीस हजार रुपये देणार होता. आता भाड्याचे घर शोधणे भाग होते.

घरात आम्ही पाच माणसे. अम्मी, आम्ही नवरा-बायको, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. अम्मी म्हणाल्या, "बेटा, मुलांची शाळा बदलायची नाही. घर जवळच पाहा."

म्हणून आम्ही माजिवड्याला गेलो. एके काळी माजिवडा हे वेगळे गाव होते. मुंबई-नाशिक महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जिथे मिळतात, तिथेच ते आहे. आता नाक्यावर उड्डाणपूल आहे आणि आजूबाजूला उंच इमारती आहेत. पण गावठाणाच्या गल्लीत शिरले की जुनी बैठी घरे अजून दिसतात.

एजंटने आम्हांला एकाच इमारतीत दोन घरे दाखवली. दोन्ही घरे सारखीच, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तिसऱ्या मजल्यावरचे घर सामानाने भरलेले होते. पलंग, सोफा, टीव्ही, फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र, जेवणाचे टेबल, सगळे होते. अशा घराला बाजारात 'फर्निश्ड' म्हणतात. त्याचे भाडे सव्वीस हजार आणि अनामत रक्कम एक लाख. पाचव्या मजल्यावरचे घर अगदी रिकामे होते. छताला पंखासुद्धा नव्हता, नुसते हूक लोंबत होते. त्याचे भाडे वीस हजार आणि अनामत साठ हजार.

मुलगी म्हणाली, "अब्बा, तिसऱ्या मजल्यावरचे घ्या ना. तिथे अभ्यासाला टेबल आहे, एसी पण आहे."

"सर, बॅग घेऊन या आणि राहा," एजंट म्हणाला.

एजंटचे बोलणे खोटे नव्हते. माझा मावसभाऊ कल्याणला असाच राहिला होता. तो एकटा. नोकरीची बदली अकरा महिन्यांसाठी. सोबत दोन बॅगा. त्याने पलंग आणि फ्रिज विकत घेतले असते, तर वर्षाच्या आत ते कुणाला तरी निम्म्या किमतीत देऊन यावे लागले असते. त्याच्यासाठी भरलेले घरच बरे होते. मात्र निघताना घरमालकाने सोफ्याची फाटलेली शिवण दाखवली आणि अनामतीतून आठ हजार रुपये कापले. शिवण आधीच उसवलेली होती, असे भाऊ सांगत राहिला. पण घरात शिरताना त्याने ना वस्तूंची यादी केली होती, ना फोटो काढले होते.

आमच्या दादींच्या काळी असा प्रश्न कुणाला पडत नसे. त्या मुंबईत मदनपुऱ्यात भाड्याच्या खोलीत राहत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाडी गोठलेली होती. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच प्रमाण मानले जाई. भाडेकरूला सहज काढता येत नसे, म्हणून मालक आधीच 'पगडी' घेत. एकदा खोली मिळाली की दोन-तीन पिढ्या तिथेच राहत. अशा खोलीत मालक आपला पलंग कशाला ठेवील? भाडेकरू आपले बिऱ्हाड घेऊनच येई. 'बिऱ्हाड' हा मराठी शब्द फार छान आहे. त्याचा अर्थ राहण्याची जागा असाही होतो आणि संसाराचे सामान असाही होतो. आज घरे ठरावीक मुदतीसाठी दिली जातात, त्यामुळे मालक सामानासह घर द्यायला तयार होतात.

रात्री मी वही घेऊन बसलो. दोन घरांच्या भाड्यातला फरक सहा हजार. छत्तीस महिन्यांचे झाले दोन लाख सोळा हजार. शिवाय बिल्डर वीसच हजार देणार, म्हणजे हा फरक माझ्या पगारातून जाणार. रिकाम्या घरासाठी पंखे, ट्यूबलाइट, गिझर, पडद्यांचे दांडे आणि टेम्पोचे भाडे धरून मी तीस हजारांचा अंदाज केला. त्यातले पंखे आणि गिझर पुढे नव्या घरात येणारच होते. मुलीसाठी टेबल घेतले, तरी पैसे उरत होते.

पण खरा प्रश्न पैशांचा नव्हताच. आमच्याकडे सामान होते! दोन पलंग, फ्रिज, अम्मींच्या लग्नातले सागवानी कपाट आणि त्यांची शिलाई मशीन. तिसऱ्या मजल्यावर गेलो, तर हे सगळे ठेवायचे कुठे? एजंट म्हणाला होता, "जुने सामान विकून टाका." अम्मी त्यावर काही बोलल्या नव्हत्या. याच मशीनवर कपडे शिवून त्यांनी माझ्या बी.एड.ची फी भरली होती.

दुसऱ्या दिवशी अम्मींना घरे दाखवायला नेले. तिसऱ्या मजल्यावर त्या सोफ्याच्या कडेला बसल्या. मग म्हणाल्या, "घर चांगले आहे. पण दस्तरखान कुठे पसरणार? जानमाज कुठे टाकणार?" खरेच, सोफा आणि टेबल यांच्यामध्ये एका माणसापुरती वाट होती. आमच्या घरी सगळे जमिनीवर बसून एकत्र जेवतात. मालकाचे टेबल आम्ही बाहेरही काढू शकत नव्हतो.

आम्ही पाचव्या मजल्यावरचे घर ठरवले. घरमालक निवृत्त गृहस्थ होते. ते म्हणाले, "मास्तर, तीन वर्षे राहणार असाल तर भाडे वाढवणार नाही. पण करार नोंदवून घेऊ."

पुष्कळ लोकांना वाटते की अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात तसे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ सालचा आहे आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेणे ही मालकाची जबाबदारी आहे. मुद्रांक शुल्क काही फार नसते. आमच्या घराचे तीन वर्षांचे भाडे सात लाख वीस हजार. साठ हजार अनामतीवर दरसाल दहा टक्के व्याज धरतात, त्याचे अठरा हजार. दोन्ही मिळून सात लाख अडतीस हजार. त्यावर पाव टक्का म्हणजे एक हजार आठशे पंचेचाळीस रुपये. नोंदणी फी एक हजार. एजंटची दलाली मात्र एका महिन्याचे भाडे!

माणूस घरी यंत्र घेऊन आला. त्याने आमचे फोटो काढले, अंगठ्यांचे ठसे घेतले. धाकटा शेजारी बसून कराराचा मसुदा वाचत होता. एकाएकी तो ओरडला, "अब्बा, हे तर सगळे उर्दूच आहे! करार, मुदत, मालक, रक्कम!"

"आणि अनामत?" मी विचारले.

तो थोडा थांबला. "अमानत?"

"हो. दुसऱ्याने आपल्या भरवशावर सोपवलेली वस्तू. आपले साठ हजार मालकांकडे अमानत आहेत."

"मग तिसऱ्या मजल्यावरचा सोफा आपल्याकडे अमानत झाला असता!" मुलगी म्हणाली. मला हे सुचले नव्हते.

ताबा घेताना मालकांनी आणि मी मिळून घर पाहिले. रिकाम्या घराचीही यादी होते. नळ किती, खिडक्यांच्या काचा किती, स्वयंपाकघरातली फरशी एका जागी तडकलेली. विजेच्या मीटरचा आकडा लिहिला, त्याचा फोटो काढला. महावितरणचे जुने बिल भरलेले आहे ना, तेही पाहिले. यादीखाली दोघांनी सह्या केल्या.

रविवारी टेम्पो आला. सागवानी कपाट लिफ्टमध्ये मावेना. चार हमालांनी ते पाच जिने चढवले आणि त्याचे सातशे रुपये वेगळे घेतले. हा खर्च माझ्या वहीत नव्हता. संध्याकाळी अम्मींनी मशीन खिडकीजवळ ठेवून घेतली आणि पडद्याचे कापड मागितले.

स्वाध्याय

१. मावसभावासाठी सामानासह घर योग्य का होते? लेखकाच्या कुटुंबासाठी ते योग्य का नव्हते?

२. तिसऱ्या मजल्यावरच्या घराचा तीन वर्षांचा करार केला असता, तर मुद्रांक शुल्क किती झाले असते? पाठातील रीतीने हिशेब करा.

३. करार, मुदत, अनामत, रक्कम, दलाली हे शब्द उर्दूत कसे लिहितात? प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

४. तुमच्या वर्गखोलीचा ताबा घ्यायचा आहे असे समजून वस्तूंची यादी तयार करा. मोडलेल्या वस्तूंची नोंद वेगळी करा.