तिळाचा भाव

भालकी तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळांमध्ये माझी सगळी नोकरी झाली. नाकाच्या डाव्या अंगाला, चष्म्याची चकती नेमकी टेकते तिथे, एक फुगीर तीळ होता. निवृत्तीनंतर तो काढून घेतला. गोष्ट एवढीशीच. पण आमच्या या बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात तीळ, मस, चामखीळ यांवर उपाय सांगणारे गल्लोगल्ली भेटतात, म्हणून वाटलं, आपलंही थोडं लिहून ठेवावं.

१. तीळही माणसाबरोबर म्हातारा होतो. लहानपणी माझा तीळ सपाट आणि काळाभोर होता. आई म्हणायची, हिला तीट लावायची गरजच नाही. चाळिशीनंतर तो वर येऊ लागला, मऊ झाला, रंगाने फिकटला आणि त्यातून एक राठ केस निघाला. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. डॉक्टरांनी सांगितलं, बऱ्याच तिळांचा हाच प्रवास असतो. रंगाच्या पेशी वयाबरोबर कातडीत खोल उतरतात, वरचा काळेपणा ओसरतो आणि उंचवटा उरतो. केस पिकले तर आपण कोणाला विचारायला जात नाही, पण तीळ पिकला की घाबरतो.

२. माणूस कारण सांगताना अर्धंच सांगतो. मी सगळ्यांना सांगत होते, चष्मा घासतो, रक्त येतं. ते खरंच होतं. उरलेलं अर्धं असं की, भाच्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये फोटोग्राफरने माझा एक मोठा फोटो टाकला होता आणि त्यात मी कमी, तीळ जास्त दिसत होता. साठीच्या बाईने असं बोलून दाखवायचं नसतं, म्हणून चष्म्याला पुढे केलं. गंमत म्हणजे हा फरक सरकारदरबारीही आहे. दुखण्यावरच्या उपचाराला जीएसटी नाही, पण निव्वळ शोभेसाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के आहे. आरोग्य विम्याच्या कागदातही शोभेची शस्त्रक्रिया वगळलेलीच असते. डॉक्टरांनी विचारलं, ‘टीचर, त्रास होतो म्हणून काढायचा की दिसतो म्हणून?’ मी म्हणाले, ‘त्रास.’ आवाज जरा जास्तच ठाम लागला.

३. सल्ला फुकट असतो, पण त्याचे डाग राहतात. शेजारच्या भाभी म्हणाल्या, ‘नक्को निकालो आपा, नसीब का तिल है.’ शाळेतली जुनी आया म्हणाली, ‘कशाला डाक्टरकडं जाऊलालाव बाई, चुना आन् पापडखार कालवून लावा की, गळून पडतंय.’ उदगीरच्या मामांनी घोड्याच्या शेपटीचा केस आणून द्यायची तयारी दाखवली. केस बांधण्यात थोडं तथ्य आहे, हे मला नंतर कळलं. बारीक देठाची लोंबती चामखीळ असेल तर रक्तपुरवठा तुटून ती वाळते. पण माझा तीळ रुंद बुडाचा, चांगला बैठक मारून बसलेला. केस बांधणार कशाला?

चुन्याचं मात्र काही खरं नाही. चुना आणि खार कातडीतली चरबी विरघळवत खाली खाली उतरतात. तीळ कुठे संपला आणि नाक कुठे सुरू झालं हे त्यांना समजत नाही. बिब्ब्याची तऱ्हा याहून वाईट. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्ब्याचं तेल वापरायचे, कारण ती खूण धुऊन जात नाही. तेच तेल लोक तोंडाला लावतात! आमच्या नात्यातल्या एका मामींच्या मानेवर वाटाण्याएवढा मस होता. बिब्ब्याने तो गेला आणि त्या जागी रुपयाएवढा काळा, ताणलेला चट्टा आला. त्या अजूनही त्यावरून पदर घेतात. आता तरुण मुलं चुन्याऐवजी मोबाइलवरून मलमं आणि तीळ जाळायची पेनं मागवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये असली मलमं विकणाऱ्यांना इशारापत्रं धाडली होती. आमच्याकडे पार्सल मात्र वेळेवर येतं.

४. तिळाचा भाव गावागणिक बदलतो. आयानं सांगितलेला इलाज चार आण्यांचा. तालुक्याच्या ठिकाणी ‘जाळून देतो’ म्हणणाऱ्याने पाचशे रुपये सांगितले. बिदरला त्वचारोगतज्ज्ञाकडे दोन-अडीच हजार, तपासणीचे निराळे. हैदराबादला राहणाऱ्या भाच्याने फोनवर विचारून सांगितलं, लेझरने सहा हजारांच्या पुढे. बिदरचं ब्रिम्स, कलबुर्गीचं जिम्स या सरकारी रुग्णालयांत त्वचेचा विभाग आहे आणि खर्चही किरकोळ, पण तिथली ओळ लांब असते. तीही रास्तच, माझ्या नाकापेक्षा निकडीची माणसं त्या ओळीत उभी असतात.

यात प्रवासाचा हिशेब आमच्या सीमेवरच्या बायकांनाच कळेल. ११ जून २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत आम्हाला राज्यातल्या राज्यात बसचं तिकीट नाही. लातूर-सोलापूरला जायचं तर पैसे मोजायचे. महाराष्ट्राच्या एसटीत त्याच वर्षीच्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट, पण तेही त्यांच्या हद्दीपुरतं. म्हणजे दुखणं मराठीत सांगायला लातूर बरं आणि तिकीट पाहता बिदर बरं. मी बिदर निवडलं. डॉक्टरांनी निम्मं कन्नडमध्ये, निम्मं दखनीत समजावलं, कागद इंग्रजीत दिला आणि घाबरायची वेळ आली तेव्हा ‘काही नाही होत’ एवढं मराठीत म्हणाले. तेवढं पुरलं.

५. काढणं हा शब्द एक असला तरी रीती चार-पाच आहेत, आणि भारी ती चांगली असं नाही. भाचा लेझरचा हट्ट धरून बसला होता. ‘मावशी, बाहेरच्या देशातलं मशीन आहे, डाग राहत नाही.’ मी शिक्षिका, वाचायला बसले. तीळ-चामखिळींवर वापरतात तो कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला, आणि हे पटेल जन्माने बारामतीचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. बारामती कुठे पोचलेली नसते! पेशीतलं पाणी हा किरण शोषून घेतं, पाण्याची वाफ होते आणि पेशी उडून जाते. काम सुबक होतं. पण मागे तपासायला काही उरत नाही, ही त्याची खोट मला डॉक्टरांनी दाखवली.

त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर चित्रं काढली. वर आलेला तीळ पात्याने कातडीच्या पातळीवर अलगद तासायचा आणि बूड विजेच्या किंवा रेडिओलहरींच्या टोकाने डागून सारखं करायचं. टाके नाहीत, व्रण बारीक, पण मूळ आत राहिलं तर तीळ पुन्हा थोडा डोकावू शकतो, केस तर नक्कीच. लहान तिळासाठी गोल, पोकळ पातं असतं, त्याने आरपार टोचून काढतात. संशय असेल तर मात्र सुरी. दोन्ही टोकांना निमुळता छेद घेऊन मुळासकट काढायचा आणि टाके घालायचे. यातलं गणित ऐकून मी चकित झाले. छेद रुंदीच्या साधारण तिप्पट लांब घ्यावा लागतो, नाहीतर टोकांना कातडीची घडी उभी राहते. म्हणजे पाच मिलिमीटरचा तीळ गेला की पंधरा मिलिमीटरची रेघ येते. लोक ‘बिनडागाचं’ विचारतात. डॉक्टर म्हणाले, ‘डाग कुठला हवा ते निवडता येतं. नको म्हणता येत नाही.’ थंड नायट्रोजनने गोठवणं चामखिळीला ठीक, पण आपल्या सावळ्या कातडीवर त्याने पांढरा ठिपका राहू शकतो. थंडीने रंगाच्या पेशीच मरतात. माझ्यासाठी तासणं ठरलं.

६. नाक दाखवायला गेले आणि चपला काढाव्या लागल्या. सगळ्यात जास्त हे लक्षात राहिलं. एवढ्या लोकांनी माझ्या तिळाकडे पाहिलं होतं, कोणी भाव सांगितला, कोणी भविष्य. ‘हा किती वर्षांचा, अलीकडे बदलला का, घरात कोणाला त्वचेचा कर्करोग होता का’ हे विचारणारे डॉक्टर पहिलेच. मग त्यांनी तळहात, नखं आणि तळपाय बघायला मागितले. मला संकोच वाटला, बसस्टँडवरून धूळ तुडवत आले होते. तिळाचा कर्करोग आपल्याकडे विरळा, पण सावळ्या माणसांत होतो तेव्हा तो तोंडापेक्षा तळपायावर, तळहातावर, नखाखाली जास्त सापडतो. जिथे कोणी बघत नाही तिथेच.

तीळ पाहायची एक साधी यादीही त्यांनी सांगितली. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ती १९८५ मध्ये मांडली. दोन अर्धे सारखे नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, एकाच तिळात अनेक रंग आणि सहा मिलिमीटरहून मोठा आकार, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या रबरापेक्षा मोठा. पाचवा मुद्दा २००४ मध्ये जोडला गेला, बदल. मला तो पाचवाच सगळ्यात कामाचा वाटतो. पेन्सिल नसली तरी कालचं आणि आजचं आपल्याला आठवतं.

तासलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या इवल्या बाटलीत घालून तपासणीला गेला. त्याचे वेगळे पैसे पडले आणि यजमान म्हणाले, ‘काढला ना, आता कशाला?’ काढून फेकलेल्या वस्तूवर खर्च करणं आमच्या घरात बसत नाही. पण सगळ्या खर्चातला हा एकच असा होता की ज्यातून मला काहीतरी कळलं. अहवाल साधा तीळ म्हणून आला.

७. माझी ओळख सरकारी कागदावर तिळाच्या भरवशावर उभी होती. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर ओळखीची खूण लिहावी लागते. माझ्या पानावर ‘मूगिन एडभागदल्लि कप्पु मच्चे’, म्हणजे नाकाच्या डाव्या बाजूला काळा तीळ, असं वळणदार अक्षरात आहे आणि पेन्शनच्या कागदातही तेच उतरलंय. मला धसका बसला, उद्या कोणी म्हणालं, बाई, मच्चे दाखवा, तर? ओळखीच्या एका निवृत्त कारकुनांना विचारलं. ते पोट धरून हसले. ‘अक्का, पेन्शन अंगठ्यावर आणि आधारवर चालते. २०१४ पासून जीवन प्रमाण आलंय, तुमच्या नाकाकडे कोण बघतो?’ दिलासा मिळाला, आणि जरा अपमानही झाला. एवढी वर्षं ज्या खुणेवर माझं असणं लिहिलेलं होतं, ती कोणी पडताळूनच पाहिली नव्हती.

८. दुखतं ते इंजेक्शन. त्यानंतर नुसता जळक्या केसांचा वास.

९. खरा खर्च नंतर सुरू होतो आणि तो उन्हाचा असतो. ताजी कातडी उन्हात काळवंडते, सावळ्यांची तर हटकून. डॉक्टरांनी सनस्क्रीन लिहून दिलं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. ट्यूब संपते, दुसरी आणावी लागते. वर्षाचा हिशेब मांडला तर तिळापेक्षा मलमाचा आकडा मोठा निघेल, म्हणून मी मांडलेला नाही. छाती, खांदे, कानाची पाळी इथले तीळ काढताना वेगळाच विचार करावा लागतो. तिथे काहींना व्रण वाढून गाठीसारखा होतो, तिळाहून मोठा. घरात कोणाला तसं झालं असेल तर आधी सांगावं.

आणि एक कोणी न सांगितलेली अडचण. तीळ गेल्यावर चष्मा घसरायला लागला. इतकी वर्षं तो तिळावर टेकून होता! चष्मेवाल्याने चकत्या दाबून दिल्या. पैसे घेतले नाहीत, हसला मात्र भरपूर. तीळ गेल्याचं स्वतःहून ओळखणारा तोच एक. यजमानांना मी दाखवल्यावर कळलं. जुने विद्यार्थी भेटतात, बघत राहतात आणि म्हणतात, ‘बाई, बारीक झालाव का?’

१०. आता लोक मलाच विचारायला येतात, आणि पहिला प्रश्न पैशाचाच असतो. मी आधी तळपाय बघते. हे वेड धाकट्या भावापासून लागलं. तो शेती बघतो, तुरीच्या रानात निम्मा वेळ अनवाणी. दिवाळीला आला तेव्हा त्याला पाय धुऊन बसवलं, तर टाचेवर एक काळपट ठिपका. ‘काटा मोडला असंल अक्का’ म्हणाला. काटा किती वर्षांपूर्वी मोडला ते काही सांगता येईना. बिदरला नेला. डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं. तळव्याच्या रेषांमध्ये खाचा आणि उंचवटे असतात. रंग खाचांत बसलेला असला तर बहुधा निश्चिंत राहावं, उंचवट्यांवर असला तर सुरी लागते. भावाचा खाचांत होता. तरी त्यांनी मोजून फोटो काढून ठेवला आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. हा म्हणतो, तुरीची रास झाल्यावर बघू. वहिनीला मी मोबाइलमध्ये तारीख घालून दिली आहे आणि दर रविवारी टाचेचा फोटो पाठवायला सांगितलंय. मागच्या रविवारी आला तो उजव्या पायाचा होता. ठिपका डाव्यावर आहे.