आरसीवर नसलेली टाकी

जुनी गाडी घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर बघतात, किलोमीटरवरून घासाघीस करतात. माझे सांगणे वेगळे आहे. आरसी हातात घ्या आणि गाडीभोवती एक फेरी मारा. कागदावर लिहिलेली गाडी आणि समोर उभी असलेली गाडी एकच आहे ना, हे आधी तपासा. रत्नागिरीत मी जवळून पाहिलेल्या विम्याच्या बहुतेक भांडणांचे मूळ या दोहोंतल्या फरकात होते, आणि त्यातले एक भांडण माझे स्वतःचे आहे.

गाडी कोल्हापूरच्या एका गृहस्थांकडून घेतलेली. पेट्रोलची छोटी हॅचबॅक, नीट वापरलेली. आधीच्या मालकांनी तिला बाहेरून सीएनजी किट बसवून घेतले होते. डिकीत टाकी, बॉनेटखाली रिड्यूसर, डॅशबोर्डवर पेट्रोल-गॅसचे बटण. किट चांगल्या कंपनीचे होते, गॅरेजची पावतीही मिळाली. पण आरसीवर इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’ एवढाच शब्द होता आणि पॉलिसीवरही तोच. गाडी माझ्या नावावर झाली, पॉलिसी नावावर झाली, आणि या सगळ्या प्रवासात डिकी उघडून बघायला कुणीही सांगितले नाही.

पुढच्या पावसाळ्यात पालीहून हातखंब्याकडे येताना वाहतूक तुंबली होती. मी रांगेत उभा असताना मागून टेम्पो येऊन आदळला. कुणाला इजा झाली नाही, पण डिकीचे दार, बंपर, मागचा पत्रा, खालचा फ्लोअर सगळे आत गेले. चूक कुणाची, यावर वादच नव्हता. गाडी वर्कशॉपला लागली, विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. त्याने वाकलेली डिकी उघडून घेतली, टाकीचा फोटो काढला, मग आरसीचा फोटो काढला. तो चांगला माणूस होता, जाताना हळूच म्हणाला, “काका, हे कागदावर नाहीये.” नंतर कंपनीचे पत्र आले. वाहनात नोंदणीशी विसंगत बदल आहे, तो कंपनीला कळवलेला नाही, सबब दावा नामंजूर.

मागून टेम्पो आदळला त्यात गॅसच्या टाकीचा काय संबंध, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. प्रश्न बरोबर आहे आणि पुढे त्यानेच मला काही पैसे मिळवून दिले. पण कंपनीच्या बाजूलाही कायदा आहे, तो समजून घेतला पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात याच कलमाचा अर्थ अधिक घट्ट केला. मूळ रचनेला धक्का लावणारा बदल चालणार नाही, असे सांगितले. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून कलम १८२-अ लागू झाले, त्यात प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मात्र कलम ५२ नेच एक दार उघडे ठेवले आहे. मान्यताप्राप्त किट बसवून गाडी सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर नेता येते. म्हणजे माझ्या गाडीतली टाकी बेकायदा जातीची वस्तू नव्हती. तिची नोंद नव्हती, एवढेच. आणि एवढेच पुरेसे झाले.

आता पैशांचे बघू, कारण नोंद न करण्यामागे बहुतेकांच्या मनात हप्ता वाढण्याची भीती असते. भारतात मोटार विम्याचे दरपत्रक २००२ सालचे आहे. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दर ठरवायला कंपन्या मोकळ्या झाल्या, पण हिशेबाची चौकट पुष्कळ ठिकाणी अजून तीच आहे. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटसाठी किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि तिसऱ्या व्यक्तीच्या जबाबदारीपोटी ६० रुपये. समजा, किट साठ हजारांचे आहे. ४ टक्के म्हणजे २,४०० रुपये, अधिक ६०, त्यावर १८ टक्के जीएसटी. वर्षाला सुमारे २,९०० रुपये. सवलती धरल्या तर याहून कमी. गॅसवर फिरणारी गाडी पेट्रोलच्या खर्चात एवढी रक्कम फार लवकर वाचवते. ती वाचवण्यासाठी कुणी पूर्ण गाडीचे संरक्षण पणाला लावत असेल तर मला मनापासून वाईट वाटते.

पॉलिसीच्या कागदावर ‘आयएमटी २५’ असा क्रमांक दिसला तर समजा की तुमचे किट नोंदलेले आहे. गाडीच्या आयडीव्हीखाली (म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीखाली) किटची किंमत वेगळ्या रकान्यात लिहिलेली असते. तो रकाना शून्य असेल तर किटचे नुकसान झाल्यास एक रुपयाही मिळत नाही, बाकी दावा मंजूर झाला तरी.

पण एजंटला फोन करून किट पॉलिसीत घालून घेतले की काम झाले, असे समजू नका. आधी आरटीओ, मग विमा कंपनी, हा क्रम आहे. किट त्याच मॉडेलसाठी मान्यता मिळालेले असावे (पुण्याची एआरएआय ही अशी चाचणी करणारी आपल्याकडची मोठी संस्था), ते अधिकृत केंद्रातूनच बसवलेले असावे. त्या केंद्राचे प्रमाणपत्र घेऊन परिवहन पोर्टलवर बदलाचा अर्ज करायचा, गाडी तपासणीला न्यायची, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत पत्र जोडायचे. आरसीवर ‘पेट्रोल/सीएनजी’ असे छापून आले की तिची प्रत विमा कंपनीला देऊन एन्डोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदलाची नोंद, करून घ्यायची. पॉलिसीच्या मध्यावरही ती होते, उरलेल्या महिन्यांचा हप्ता भरावा लागतो. रत्नागिरी जिल्ह्यात सीएनजीचे पंप झाल्यापासून किट बसवणारे वाढले. कमी पैशात काम करणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसते, आणि प्रमाणपत्र नसले की हा सगळा क्रम पहिल्याच पायरीवर थांबतो.

माझ्या दाव्याचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण नामंजुरीचे पत्र आले की पुष्कळ लोक तिथेच हात टेकतात. तसे करू नका. मी आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पत्र दिले. महिनाभरात समाधानकारक उत्तर आले नाही की विमा लोकपालांकडे जाता येते, कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत. रत्नागिरी जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतो, मुंबईच्या नाही. चुकीच्या ठिकाणी अर्ज पाठवून वेळ घालवणारे मला ठाऊक आहेत. शुल्क काही नाही, वकील लागत नाही, सुनावणी व्हिडिओवरही होते. माझे म्हणणे एकच होते: बदल नोंदलेला नाही हे मान्य, पण अपघात त्या बदलामुळे झालेला नाही. २०१० च्या अमलेंदू साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खासगी गाडी भाड्याने वापरली म्हणून सगळाच दावा नाकारणे योग्य धरले नव्हते. अशा अटभंगात ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने काही भाग द्यावा, अशी ती भूमिका आहे, आणि व्यवहारात ७५ टक्के हा आकडा पुढे येतो. मलाही सर्व्हेअरने काढलेल्या रकमेच्या ७५ टक्केच मिळाले. किटच्या नुकसानीचे काही नाही. टाकीमुळे आग लागली असती तर हा युक्तिवाद माझ्याकडे नसता.

आगीवरून दिव्यांकडे येतो. जुलै-ऑगस्टमध्ये आंबा घाटात धुके उतरले की रस्त्याची पांढरी पट्टीही दिसत नाही. तिथे फॉगलाइट लावणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. पण हेडलाइटमध्ये कंपनीचा ६०/५५ वॉटचा बल्ब काढून १००/९० चा घालतात, तेव्हा त्याच बारीक वायरमधून जवळजवळ दीडपट-पावणेदोनपट प्रवाह जाऊ लागतो. होल्डर तापतो, वायरचे आवरण मऊ पडते. रिले आणि फ्यूज न टाकता मूळ वायर सोलून जोड दिला असेल तर धोका आणखी वाढतो, आणि कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत असा उघडा जोड लवकर गंजतो. जळालेल्या गाडीत सर्व्हेअर पहिल्यांदा असे जोडच शोधतो. गाडीची कंपनी त्या मॉडेलसाठी देते तेच फॉगलाइट, कपलर असलेल्या हार्नेसने, बिल घेऊन बसवा. म्युझिक सिस्टिम, अँप्लिफायर, कॅमेरा यांसारख्या विजेवर चालणाऱ्या वस्तूंनाही किमतीच्या ४ टक्क्यांचा तोच जुना दर आहे, ‘आयएमटी २४’ खाली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, शेकडो गाड्या बुडाल्या. अशा वेळी पॉलिसीत न लिहिलेल्या महागड्या सिस्टिमची भरपाई मागायची कशाच्या आधारावर? (याच ओघात सांगून ठेवतो, पाण्यात बुडालेली गाडी सेल्फ मारून सुरू करू नका. त्याने इंजिन गेले तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचे वेगळे कव्हर लागते.)

काही बदल असे आहेत की ते जास्त हप्ता भरूनही पॉलिसीत घेता येत नाहीत. पुढचा लोखंडी बुलबार केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये बेकायदा ठरवला. धडकेचा जोर तो चासीकडे नेतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकवतो. काचांवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये बंदी घातली. कापून मोठा केलेला सायलेन्सर, इंजिनाची बदललेली ताकद, कमानीबाहेर येणारी रुंद चाके यांचेही तसेच. अलॉय व्हील हवीच असतील तर त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी जो आकार देते त्याच्या आत राहा आणि बिल पॉलिसीला जोडा. बिनविजेच्या वस्तूंची किंमत आयडीव्हीत मिळवून गाडीच्याच दराने हप्ता लागतो, तो फार नसतो.

आपल्या जिल्ह्यात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच बदलाची, ज्याला कुणी बदल म्हणतच नाही. मार्च उजाडला की घरच्या गाडीची मागची सीट काढून तिथे हापूसच्या पेट्या रचल्या जातात. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना माल पोचवायचा असतो, ट्रान्सपोर्टची खात्री नसते, मग रात्रीच निघायचे. त्यामागची गरज मला कळते, आंबा थांबत नाही. पण खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात आणि त्यात मालाची वाहतूक वगळलेली असते. नमुने आणि स्वतःचे सामान एवढाच अपवाद. भाडे घेतले नाही, पेट्या घरच्याच बागेतल्या होत्या, हे सांगून विक्रीचा माल ‘सामान’ होत नाही. त्यातून आरसीवर पाच आसने आणि गाडीत दोनच, म्हणजे नोंदीतही फरक. हंगामात दरवर्षी माल न्यायचा असेल तर मालवाहू म्हणून नोंदलेली छोटी गाडी किंवा टेम्पोतली भागीदारी, याचा हिशेब घरात बसून करा. माझ्या ओळखीच्या बागायतदारांना मी हेच विनवतो.

हप्ता कमी करणारे बदलही आहेत, आणि ते फार थोड्यांना माहीत असतात. अपंग व्यक्तीसाठी हाताने चालवायचे ब्रेक-ॲक्सिलरेटर बसवलेली गाडी, आरसीवर तशी नोंद असेल तर, जुन्या दरपत्रकाप्रमाणे स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सवलतीला पात्र असते. कलम ५२ मधली मंजुरी तिलाही लागते. एआरएआयने मान्य केलेले चोरीविरोधी यंत्र बसवले तर अडीच टक्के, कमाल ५०० रुपये. रक्कम लहान आहे, पण मागितल्याशिवाय ती क्वचितच दिली जाते.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी आणखी थोडे. विक्री झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करायची असते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे फरक भरावा लागेल. याच वेळी कंपनीला लेखी कळवा की गाडीत अमुक अमुक वस्तू जादा आहेत, आणि फोटो जोडा. तोंडी सांगितलेले एजंटच्या फोनमध्ये राहते. विकणारा म्हणाला की आरसीवर नोंद करायची राहून गेली, तर व्यवहाराच्या आधी ती त्यालाच करायला लावा, कारण बसवणाऱ्या केंद्राचे कागद त्याच्या नावाने असतात आणि नंतर ते मिळवणे कठीण जाते.

टाकी असेल तर तिच्यावरची पाटी वाचा. २०० बारच्या दाबाने गॅस धरून ठेवणारी ही वस्तू आहे, आणि दर ३ वर्षांनी तिची हायड्रो टेस्ट करून घ्यावी लागते. त्या चाचणीचे प्रमाणपत्र घरी कपाटात ठेवू नका. पॉलिसी आणि आरसीच्या प्रतीबरोबर गाडीतच ठेवा, कारण डिकीत टाकी दिसली की सर्व्हेअर पहिल्यांदा तेच मागतो.