दप्तरीं नोंद नसलेलीं वाडींतील दोन कुळें

नागांवापासून चौल-रेवदंड्यापर्यंत पसरलेल्या अष्टागरांतील वाड्यांत दोन कुळें पिढ्यान्‌पिढ्या राबत आलीं आहेत. परंतु त्यांचें नांव कोणत्याही दप्तरीं लागलेलें नाहीं. पहिलें कूळ रानांतील मधमाश्यांचें, दुसरें परोपजीवी गांधीलमाश्यांचें. पहिलें फळ धरवितें, दुसरें कीड आंवरतें. या दोहोंची ओळख बागायतदार बंधूंस करून द्यावी, एवढाच आमचा हेतु आहे.

मधमाशी म्हटली कीं आग्या वा सातेरीचें मोहोळ डोळ्यांपुढें येतें. परंतु जगांत या वर्गाच्या २०,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या असून भारतांत ७०० हून अधिक आहेत. त्यांपैकीं बहुतेक एकएकट्या राहतात. त्यांच्यांत राणी नाहीं व मधाचा सांठाही नाहीं. कोणी मातींत बीळ करते, कोणी वाळक्या लाकडांत वा बांबूंत घर कोरते. आंत परागाचा गोळा ठेवून त्यावर अंडें घालते व तोंड लिंपून टाकते. लाकूड कोरणारा काळा भुंगा यांतलाच. माडाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा तो निराळा.

यांचें काम वांग्याच्या फुलांत पहावें. त्याच्या पिंवळ्या केसरांच्या टोंकास बारीक भोंक असतें व पराग तेथूनच पडतो. सातेरीस तो झाडतां येत नाहीं. निळ्या पट्ट्यांची रानमाशी मात्र फुलास बिलगून अंग थरारविते आणि पराग झडतो. वांगें एरव्हींही धरतें, परंतु या माशीनें अधिक धरतें. आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास २०२१ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. कांद्याच्या फुलांत पराग आधीं झडतो व स्त्रीकेसर मागाहून पक्व होतो. म्हणून घरचें बीं धरणाऱ्याचें सारें भवितव्य कीटकांच्या येण्याजाण्यावर आहे.

आतां दुसरें कूळ. भिंतीस मातीचें मडकें करून त्यांत अळ्या भरणारी कुंभारीण सर्वांस ठाऊक आहे. तिच्या नात्यांतील, मुंगीएवढ्या वा त्याहून लहान अशा असंख्य जाती किडीच्या अंगावर अथवा अंगांत अंडीं घालतात. माडाचीं पानें खाणाऱ्या काळ्या डोक्याच्या अळीस गोनिओझस नांवाची गांधीलमाशी डंखानें लुळी करते, तिच्यावर अंडीं घालते व पिलांची राखणही करते.

२०१६ सालीं तामिळनाडूंतील पोल्लाची येथें माडावरील सर्पिल पांढरी माशी भारतांत प्रथम आढळली. पुढें ती कोकणांतही आली. झावळीखालीं पांढरीं वर्तुळें व पानांवर चिकट काजळी दिसतांच औषध मारण्याची घाई होते. परंतु तिच्या मागोमाग एन्कार्सिया नांवाची, एक मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशी आली आहे. ती पांढऱ्या माशीच्या पिलांत अंडें घालते आणि तिचें पोर वाटोळें भोंक पाडून बाहेर पडतें. जालीम विषानें हा रक्षक आधीं मरतो व कीड पुन्हां बळावते.

म्हणून आमची सूचना अशी. कुंपणाच्या कडेस थोडी जमीन न खणतां ठेवावी. वाळके बांबू राहूं द्यावे. परंतु माडाचीं कुजकीं खोडें काढावीं, कारण त्यांत गेंड्या भुंगा वाढतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत माड पडलेल्यांनीं याकडे विशेष लक्ष द्यावें. तुळस, कोथिंबीर, बडीशेप बांधावर फुलूं द्यावी. तिच्या मकरंदावर दोन्ही कुळें जगतात. फवारणी टाळतां येतच नसेल तर फुलोरा नसतांना, सूर्यास्तानंतर व किडलेल्या झाडापुरतीच करावी. तत्पूर्वीं पांच झावळ्या उलटून भोंकें पडलेलीं पिलें मोजावीं. तीं पुष्कळ आढळल्यास औषधाचा खर्च वांचला असें समजावें.