मोबाइलमधील मुक्त ॲप : फुकट की स्वतंत्र?

'मुक्त स्रोत' किंवा 'ओपन सोर्स' हा शब्द कानांवर आला की बहुतेकांच्या मनात प्रथम 'फुकट' हाच अर्थ उभा राहतो. माझीही समजूत बरेच दिवस तशीच होती. परंतु आपल्या मोबाइलमधील नेहमीची ॲपही बहुधा पैसे न मोजताच मिळतात. मग मुक्त ॲपचे वेगळेपण कशात आहे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका नकाशा-ॲपच्या इतिहासाच्या आधारे करावयाचा आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. प्रत्येक ॲपच्या मुळाशी माणसाने लिहिलेली एक संहिता असते. तिला सोर्स कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या ही संहिता स्वतःजवळ ठेवतात व यंत्राला कळणारे तिचे रूप तेवढे आपल्या हाती देतात. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा करून या प्रथेला आव्हान दिले. त्यांनी वापरणाऱ्याचे चार हक्क मानले : प्रोग्राम हव्या त्या कामासाठी चालविणे, त्याची संहिता अभ्यासून तीत बदल करणे, त्याच्या प्रती इतरांस देणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे. 'ओपन सोर्स' हे नाव त्यानंतर, १९९८ मध्ये, पुढे आले. या चार हक्कांत किंमतीचा उल्लेख कोठेही नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता नकाशाकडे वळू. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये 'ओपनस्ट्रीटमॅप' हा प्रकल्प सुरू झाला. यात जगभरातील सामान्य माणसे आपापल्या भागातील रस्ते, नद्या व वस्त्या नोंदवितात आणि ही माहिती परवान्याच्या अटी पाळून कोणालाही वापरता येते. तिच्याच आधारे 'मॅप्स.मी' हे इंटरनेटशिवाय चालणारे ॲप लोकप्रिय झाले. २०१४ मध्ये रशियातील मेल.रू या कंपनीने ते विकत घेतले व २०१५ मध्ये त्याची संहिता खुली केली. २०२० मध्ये ते पुन्हा विकले गेले. नव्या मालकाने केलेले बदल अनेक जुन्या वापरकर्त्यांना रुचले नाहीत.

एरवी गोष्ट येथेच संपली असती. गूगलने 'इनबॉक्स' हे ई-मेलचे ॲप २०१९ मध्ये बंद केले, तेव्हा ते आवडणाऱ्यांना हळहळण्यापलीकडे काही करता आले नाही. येथे मात्र संहिता आधीच खुली झालेली होती. मूळ ॲप घडविणाऱ्यांपैकी काहींनी तीच घेऊन २०२१ मध्ये जाहिराती नसलेले 'ऑरगॅनिक मॅप्स' उभे केले. पुढे त्याच्याही कारभाराविषयी मतभेद झाले आणि २०२५ मध्ये काही कार्यकर्त्यांनी त्यातून 'कोमॅप्स' ही वेगळी शाखा काढली. पोथी एकाच मठात कुलूपबंद असेल, तर मठाधिपतीच्या मर्जीवर तिचे भवितव्य ठरते. गावोगाव तिच्या नकला असतील, तर एका मठाच्या भांडणाने ती नष्ट होत नाही. माझ्या मते मुक्त ॲपचे खरे मर्म यातच आहे.

याचा प्रत्यय मला स्वतःला आला. आमच्या गावाच्या ठिकाणी या नकाशात मुख्य रस्ता आणि देऊळ एवढेच होते. सुट्टीत घरी गेलो असता आजीला विचारून ओढ्याचे व तीन वाड्यांचे नाव मी देवनागरीत नोंदविले. ओढ्याचे ते नाव कोणत्याही पाटीवर नाही. काही आठवड्यांनी ते ऑरगॅनिक मॅप्समध्ये दिसू लागले, आणि पुढे कोमॅप्समध्येही! ॲपचे चालक वेगळे झाले, परंतु आजीने सांगितलेले नाव दोन्हीकडे टिकले.

असे असले तरी उणिवा झाकून ठेवणे योग्य होणार नाही. या नकाशांत रस्त्यावरील गर्दीची तत्काळ माहिती मिळत नाही आणि कित्येक खेडी अद्याप कोरीच आहेत. 'सिग्नल' हे संदेशाचे ॲप मुक्त आहे खरे, परंतु घरची सर्व मंडळी व्हॉट्सॲपवर असतील तर एकट्याने सिग्नल घेऊन बोलावयाचे कोणाशी? शिवाय नवी शाखा काढण्याचा हक्क असून भागत नाही. ती चालविणारी माणसेही लागतात. संहिता वाचता येणारे थोडेच असतात, हा आक्षेपही खरा आहे.

तथापि, हे काम तंत्रज्ञांचेच आहे असे मात्र नाही. आपण सारे वापरतो तो व्हीएलसी हा मुक्त प्लेअर १९९६ मध्ये पॅरिसच्या एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मला. आपण कला शाखेचे विद्यार्थी प्लेअर घडवू शकणार नाही कदाचित. पण भाषांतर करू शकतो, शुद्धलेखन तपासू शकतो, गावाची नावे नोंदवू शकतो. भूगोल व मराठी या दोन विभागांनी मिळून येत्या वर्षी आपल्या तालुक्यातील ओढे, वाड्या व पाणवठे यांची नावे नकाशावर आणावीत, अशी माझी नम्र सूचना आहे. ही नावे सांगणारी पिढी आज आपल्या घरांत आहे. तिला विचारण्याचे काम कोणतेही ॲप आपल्यासाठी करणार नाही.