खाडींतील तिसऱ्यांची काढणी : देशोदेशींचा अनुभव

कपिलधारच्या डोंगरांतील शेतकऱ्यास समुद्राचें पीक पाहावयास मिळत नाहीं. तथापि जें पीक कोणीं पेरिलें नाहीं व ज्यावर सर्वांचा हक्क आहे, त्याची राखण कशी करावी, हा प्रश्न गायरान व भूजल यांच्या निमित्तानें आम्हांपुढेंही आहेच.

तिसरी हा दोन शिंपल्यांच्या मध्यें राहणारा मऊ अंगाचा जलचर होय. तो वाळूंत रुतून राहतो व पाणी गाळून त्यांतील सूक्ष्म वनस्पतींवर जगतो. रत्नागिरीकडील भाट्ये, काळबादेवी इत्यादि ठिकाणीं ओहोटीच्या वेळीं बायका वाळू उकरून तिसऱ्या वेंचतात. त्यांचीं पिलें प्रथम पाण्यांत तरंगतात व मग तळीं बसतात. तीं वाढून अंडीं घालण्यापूर्वींच काढिलीं, तर पुढील पिकाचें बींच नाहींसें होतें.

जपानांत असारी जातीच्या तिसऱ्यांचें उत्पन्न सन १९८३ च्या सुमारास वर्षास १,६०,००० टन होतें. अतिकाढणी, किनाऱ्यावरील भराव इत्यादि कारणांनीं सन २०१६ मध्यें तें १०,००० टनांच्याही खालीं आलें. चीनमध्यें बहुतेक माल लागवडीचाच असतो. अमेरिकेच्या मेन राज्यांत गांवेंच परवाने देतात व दोन इंचांहून लहान तिसरी काढण्यास मनाई आहे.

आपल्या देशांतील उत्तम उदाहरण केरळांतील कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवराचें. निर्यातीमुळें सन १९९१ मध्यें तेथील काढणी १०,००० टनांपर्यंत गेली व १९९३ मध्यें निम्म्यावर आली. तेव्हां केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या सल्ल्यानें डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद ठेवण्याचा व जाळ्याचें छिद्र ३० मिलिमीटरांहून लहान नसावें असा नियम झाला. उत्पन्न सावरलें, व सन २०१४ मध्यें या व्यवसायास मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचें प्रमाणपत्र मिळालें. भारतांत तें पहिलेंच. परंतु पुढें प्रदूषणादि कारणांनीं उत्पन्न पुन्हां घटलें, व संस्थेस तयार केलेलें बीं सरोवरांत सोडावें लागलें.

यावरून दोन गोष्टी ठरतात. काढणीची मर्यादा सर्वांनीं मिळून पाळिली तर घटलेलें उत्पन्नही सावरतें. मात्र मूळ पाणी बिघडलें तर नुसता नियम पुरत नाहीं. एकाच झऱ्यावर अनेक विहिरी व विंधनविहिरी चालविणाऱ्या गांवानें उपशाची मर्यादा पाणी आटण्यापूर्वीं ठरवावी, हेंच हिताचें.