वाळवंटांतील क्रीडोद्यान : एका दिवसाच्या सहलीची पूर्वतयारी

सहामाही परीक्षा आटोपल्यानंतरची गोष्ट. इयत्ता नववींतील एक विद्यार्थी मधल्या सुटींत हातांत एक कागद घेऊन आमच्यापुढें उभा राहिला. त्याचे वडील गेलीं आठ वर्षें सौदी अरेबियाची राजधानी रियाध येथें वातानुकूलनाचीं यंत्रें दुरुस्त करण्याच्या कामावर आहेत. कोंकणांतील कितीतरी घरांच्या चुली आखाती देशांतून येणाऱ्या पैशावर पेटतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आई, आजी व सहा वर्षांची धाकटी बहीण यांच्यासह दहा दिवस वडिलांकडे जाण्याचें त्याच्या घरीं घाटत होतें. आणि त्या दहांपैकीं एक दिवस किद्दिया येथील नव्या क्रीडोद्यानास द्यावयाचा, असा त्यानें हट्ट धरला होता. कागदावर नऊ खेळांचीं नांवें ओळीनें लिहिलीं होतीं. "सर, एका दिवसांत हें सगळें होईल ना?" त्यानें विचारलें.

आम्हीं कागद वाचला व परत दिला. "ही इच्छांची यादी झाली; हा बेत नव्हे," आम्ही म्हणालों. "या यादींत तूं एकटाच आहेस. तुझी आजी कोठें आहे? बहीण कोठें आहे? ऊन कोठें आहे?" तो गप्प राहिला. मग दोन आठवडे, शाळा सुटल्यावर, आम्हीं दोघांनीं मिळून त्या एका दिवसाचा अभ्यास केला. तो इतर विद्यार्थ्यांस व पालकांसहि उपयोगी पडेल, म्हणून येथें देत आहों.

१. स्थळ

कोठेंहि जाण्यापूर्वीं प्रथम नकाशा उघडावा. रियाध शहर अरबस्तानाच्या मध्यभागीं, कर्कवृत्ताच्या थोडें उत्तरेस, समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर वसलेलें आहे. मुंबईहून विमानानें तेथें जाण्यास सुमारें चार तास लागतात. तेथील घड्याळ आपल्या घड्याळाच्या अडीच तास मागें असतें. किद्दिया हें स्थान रियाधच्या नैर्ऋत्येस सुमारें ४० किलोमीटरांवर आहे. तेथें नवें शहर वसविण्याचा कोनशिला-समारंभ २०१८ सालीं झाला, आणि त्यांतील 'सिक्स फ्लॅग्ज' नांवाचें क्रीडोद्यान ३१ डिसेंबर २०२५ रोजीं लोकांस खुलें झालें. सिक्स फ्लॅग्ज ही मूळची अमेरिकन मंडळी. तिचें पहिलें उद्यान १९६१ सालीं टेक्सास संस्थानांत निघालें. त्या प्रांतावर इतिहासांत ज्या सहा सत्तांचे ध्वज फडकले, त्यांवरून हें नांव पडलें. किद्दियाच्या उद्यानांतहि योगायोगानें सहाच विभाग असून लहानमोठे मिळून अठ्ठावीस खेळ आहेत.

या जागेचें खरें वैभव मात्र माणसानें उभारलेलें नाहीं. तुवैक नांवाचा एक प्रचंड कडा अरबस्तानाच्या मध्यभागांतून सुमारें ८०० किलोमीटर धनुष्यासारखा वळत गेला आहे. किद्दिया त्याच्याच अंगाखांद्यावर आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं येथें थोडें थांबून सह्याद्रि आठवावा. सह्याद्रीचा कडा जसा पश्चिमेकडे तुटलेला आहे, तसाच तुवैकचाहि. परंतु सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं वाहिलेल्या तप्त लाव्हारसापासून झाला, तर तुवैकचा पिवळसर चुनखडीचा दगड त्याहूनहि फार पूर्वीं, उथळ समुद्राच्या तळाशीं थरावर थर सांचून तयार झाला. आज जेथें वर्षाकांठीं सुमारें १०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेथें एके काळीं समुद्राच्या लाटा उसळत होत्या. त्या समुद्रांतील शिंपल्यांचे अवशेष अद्याप त्या दगडांत सांपडतात. जो विद्यार्थी केवळ पाळण्याकडे पाहून परत येईल, त्यानें अर्धेंच किद्दिया पाहिलें असें आम्ही म्हणूं.

२. ऋतु

आपल्या मुलांस लांब सुटी मिळते ती उन्हाळ्यांत. म्हणून त्याच्या घरच्यांनीं मे महिना योजिला होता. येथेंच पहिली चूक होती. मे महिन्यांत रियाध येथें दुपारचें उष्णमान ४० अंशांच्या घरांत जातें आणि जुलै-ऑगस्टमध्यें तें ४३ अंशांच्याहि वर चढतें. वसंत ऋतूंत धुळीचीं वादळें होतात तीं निराळींच. उन्हाच्या या तीव्रतेमुळेंच सौदी सरकारनें १५ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत दुपारीं बारा ते तीन या वेळांत उघड्या उन्हांत मजुरांकडून काम करून घेण्यास बंदी केली आहे. अबू धाबी येथील 'फेरारी वर्ल्ड' (२०१०) व दुबई येथील 'आय. एम. जी. वर्ल्ड्ज' (२०१६) यांनीं उन्हावर तोड म्हणून आपले बहुतेक खेळ थंड छपराखालीं नेले. किद्दियाचे मोठे खेळ मात्र आकाशाखालीं आहेत. म्हणून तेथें ऋतूचा विचार अधिकच केला पाहिजे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. दिवाळीची सुटी बहुधा त्यांतच येते. परंतु एक ध्यानांत ठेवावें कीं, वाळवंटांतील हवा कोरडी व आकाश निरभ्र असल्यामुळें दिवसा तापलेली जमीन सूर्यास्तानंतर आपली उष्णता झपाट्यानें आकाशांत सोडून देते. जानेवारींत दुपारीं २० अंश उष्णमान असलें, तरी पहाटे तें १० अंशांच्याहि खालीं उतरतें. म्हणून वाळवंटांत जातांनाहि पिशवींत लोकरीचा सदरा हवा. हें ऐकून विद्यार्थ्याची आजी हंसली म्हणे. पण तिनें शाल काढून ठेवली.

रमजानचा महिनाहि पंचांगांत पाहून ठेवावा. तो चांद्रमास असल्यामुळें दरवर्षीं सुमारें अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्या महिन्यांत दिवसा उपाहारगृहें बहुधा बंद असतात व सर्वच व्यवहारांच्या वेळा बदलतात.

३. ऊन आणि पाणी

कोंकणांतील माणसास वाटतें, "आम्हांस उन्हाचें काय भय?" परंतु कोंकणचें ऊन निराळें व वाळवंटाचें निराळें. आपल्याकडे हवा दमट असते, म्हणून घाम अंगावरून ओघळतो व आपणांस तो दिसतो. वाळवंटांत घाम निघतांक्षणींच वाळतो. एक लिटर घामाची वाफ होतांना तो शरीरांतून सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. तेवढ्या उष्णतेनें ५८ लिटर पाणी १० अंशांनीं तापलें असतें. निसर्गाची ही केवढी कृपा! पण घाम दिसत नाहीं म्हणून माणूस समजतो कीं, आपलें पाणी गेलेंच नाहीं. आणि तहान लागेपर्यंत शरीर कोरडें पडूं लागलेलें असतें. यासाठीं तहानेची वाट न पाहतां घोटघोट पाणी पीत राहावें. डोकें दुखणें, चक्कर येणें, मळमळणें हीं पहिलीं चिन्हें होत. तीं दिसतांच सांवलींत जावें. मूल बरळूं लागलें किंवा त्याची शुद्ध हरपूं लागली, तर तो उष्माघात समजावा. त्याचें अंग ओलें करून वारा घालावा व तत्काळ मदत मागवावी. सौदी अरेबियांत रेड क्रिसेंटच्या रुग्णवाहिकेचा क्रमांक ९९७ आहे. तो प्रत्येकाच्या खिशांत लिहिलेला असावा.

कपडे सुती, सैल, फिकट रंगाचे व पूर्ण बाह्यांचे असावेत. अंग उघडें टाकल्यानें थंडावा मिळतो ही समजूत चुकीची आहे. अरब लोकांचा पायघोळ झगा पाहिला म्हणजे पूर्वजांनीं उन्हाचा केवढा अभ्यास केला होता हें कळतें.

आणि तेथें जें पाणी आपण पितों तें कोठून येतें? इराणच्या आखाताच्या कांठीं जुबैल येथें समुद्राचें पाणी निःक्षार करतात आणि ४०० किलोमीटरांहून अधिक लांबीच्या नळांतून, ६०० मीटर चढ चढवून, तें रियाधला आणतात. हें कळल्यावर पेल्यांत उरलेलें पाणी कोणी टाकून देणार नाहीं.

४. गाडीचें शास्त्र

यादींत पहिलें नांव होतें 'फाल्कन्स फ्लाइट' या रोलर कोस्टरचें. रुळांवरून डोंगरदऱ्यांप्रमाणें चढउतार करीत धांवणारी ही गाडी तासीं सुमारें २५० किलोमीटर वेग गांठते. तिचा मार्ग सव्वाचार किलोमीटर लांब असून तुवैकच्या कड्यावरून ती दीडशे मीटरांहून अधिक खालीं झेंप घेते. म्हणजे कुतुबमिनारच्या दुपटीहूनहि खोल! तिच्यापूर्वीं वेगाचा मान अबू धाबीच्या 'फॉर्म्युला रोसा' या गाडीकडे होता. तिचा वेग तासीं २४० किलोमीटर आहे, आणि वारा व वाळू डोळ्यांत जाऊं नये म्हणून प्रवाशांस चष्मे लावावे लागतात.

विद्यार्थ्यास आम्हीं विचारलें, "हा वेग केवळ पडण्यानें येईल काय?" गणित सोपें आहे. उंचावरील वस्तूची स्थितिशक्ति खालीं येतांना गतिशक्तींत बदलते. घर्षण सोडून दिलें, तर वेगाचा वर्ग म्हणजे गुरुत्वप्रवेग व उंची यांच्या गुणाकाराची दुप्पट. उंची १६० मीटर धरली, तर २ × ९.८ × १६० = ३१३६; त्याचें वर्गमूळ ५६. म्हणजे सेकंदास ५६ मीटर, अथवा तासीं सुमारें २०२ किलोमीटर. मग उरलेले जवळजवळ ५० किलोमीटर कोठून आले? ते विद्युच्चुंबकांच्या जोरावर! रुळांच्या कडेनें बसविलेले चुंबक गाडीस पुढें ओढतात व ढकलतात. वाऱ्याचा विरोधहि त्यांनाच जिंकावा लागतो. हें गणित सुटलें तेव्हां मुलाचा चेहरा असा फुलला कीं, जणूं तो गाडींतून एक फेरी मारूनच आला.

परंतु याच शास्त्राची दुसरी बाजू आहे. अशा वेगांत शरीरावर मोठे ताण पडतात. म्हणून प्रत्येक खेळास किमान उंचीचा नियम असतो. हा नियम मुलांस हिणविण्यासाठीं नव्हे. बसणाऱ्यास धरून ठेवणारा अडसर ठराविक बांध्यासाठींच घडविलेला असतो, आणि लहान शरीर त्यांतून निसटूं शकतें. हृदयविकार, रक्तदाबाची व्यथा किंवा पाठीचें दुखणें असलेल्यांनीं व गर्भवती स्त्रियांनीं अशा खेळांपासून दूर राहावें. बहिणीची उंची घरींच दाराच्या चौकटीशीं मोजावी, उद्यानाच्या फाटकाशीं नव्हे. घरीं झालेली निराशा दोन दिवसांत विरते. फाटकाशीं झालेली सगळा दिवस खाते.

५. वेळेचा हिशेब

समजा, एका गाडींत वीस माणसें बसतात व दर दोन मिनिटांनीं एक गाडी सुटते. म्हणजे तासाला ६०० माणसें. आपल्यापुढें ९०० माणसें उभीं असलीं, तर दीड तास गेला. अशा नऊ खेळांस साडेतेरा तास लागतील. जेवण, विश्रांति व चालणें निराळेंच. म्हणून तीन खेळ निश्चित करावेत, तीन 'जमल्यास' म्हणून ठेवावेत व बाकीचे आनंदानें सोडून द्यावेत. सर्वांत गर्दीचा खेळ फाटक उघडतांच उरकावा. भर दुपारीं छपराखालचे खेळ, जेवण व सांवली. ऊन कललें कीं पुन्हां बाहेर.

सौदी अरेबियांत २०१३ सालापासून साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारीं असते. त्या दिवशीं गर्दी अधिक, हें उघडच आहे. विद्यार्थी म्हणाला, "मग आपण मंगळवारीं जाऊं. गर्दी कमी असेल." आम्हीं विचारलें, "मंगळवारीं तुझ्या वडिलांना सुटी असते काय?" त्यास शुक्रवारचीच सुटी होती. मुलानें खालीं पाहिलें, आणि मंगळवार स्वतःच्या हातानें खोडला.

प्रवेशपत्रें, उघडण्याच्या वेळा व बंद असलेले खेळ यांची चौकशी निघण्यापूर्वीं उद्यानाच्या अधिकृत स्थळींच करावी; ऐकीव माहितीवर विसंबूं नये. प्रवेशाच्या परवान्याचीहि तजवीज आगाऊ हवी.

६. खर्च

सौदी रियालाचा भाव डॉलरास पावणेचार असा बांधलेला आहे. रुपयाचा भाव मात्र रोज बदलतो. पण आम्हीं विद्यार्थ्यास रुपयांत हिशेब करावयास सांगितलें नाहीं. "प्रवेशपत्रें, जाणें-येणें व जेवण यांची बेरीज कर," आम्ही म्हणालों, "आणि तिला तुझ्या वडिलांच्या एका दिवसाच्या वेतनानें भाग." दुसऱ्या दिवशीं त्यानें तें उत्तर आणलें होतें, पण तें त्यानें आम्हांस सांगितलें नाहीं, आणि आम्हीं विचारलेंहि नाहीं.

समारोप

दोन आठवड्यांनीं तो नवा कागद घेऊन आला. पहिल्या ओळींत एकाहि खेळाचें नांव नव्हतें. तेथें लिहिलें होतें, "शुक्रवार. बाबांची सुटी." खालीं बहिणीची उंची सेंटिमीटरांत होती, आजीच्या गोळ्यांची वेळ होती, दुपारच्या सांवलीची जागा होती. बहिणीस चालतील असे दोन खेळ, आजीनें बसून पाहावा असा तुवैकचा कडा, आणि शेवटीं फाल्कन्स फ्लाइट, त्यापुढें कंसांत, "बाबा बरोबर बसले तरच."

"आणि ते नाहीं म्हणाले तर?" आम्हीं विचारलें. "तर त्यांच्याजवळ बसेन, सर. एरवींहि दिवस त्यांच्यासाठींच आहे."

बेत आंखणें म्हणजे वेळापत्रक करणें असें पुष्कळांस वाटतें. वेळापत्रक हें त्याचें बाह्य रूप झालें. आपल्याबरोबर जे येणार त्यांच्या पायांनीं, त्यांच्या तहानेनें व त्यांच्या खिशानें एकदां मनांत चालून येणें, हा खरा बेत होय. असा बेत सह्याद्रींतल्या गडावर जातांनाहि उपयोगी पडतो, आणि वाळवंटांतहि.

अभ्यास

(१) मुंबईस सकाळचे दहा वाजले असतां रियाध येथें किती वाजले असतील?

(२) गाडी ९० मीटर खालीं आली, तर घर्षण सोडून देतां तिचा वेग काढा. (उत्तर : सेकंदास ४२ मीटर.)

(३) सह्याद्रि व तुवैक यांच्या कड्यांतील एक साम्य व एक भेद सांगा.

(४) दमट हवेपेक्षां कोरड्या हवेंत तहानेविषयीं अधिक सावध कां राहावें?

(५) आपल्या घरांतील सर्वांत वृद्ध व सर्वांत लहान व्यक्ति बरोबर येणार असें धरून एका दिवसाच्या सहलीचा बेत लिहा, व तो प्रथम त्यांना वाचून दाखवा.